पाणी न घालणारे अण्णा

घाटाच्या वर आणि खाली जेवढी म्हणून गावं आहेत, त्या प्रत्येकात एक तरी आमरीवेडा असतोच. कोल्हापुरात असतो, कराडात असतो, फोंड्यात असतो. शहरातली माणसं जिला ऑर्किड म्हणतात आणि गुच्छात बांधून सत्काराला देतात, ती ही आमरी. पण या गृहस्थाला सत्काराच्या ऑर्किडशी काही कर्तव्य नसतं. त्याची आमरी झाडावर असते, नाहीतर कातळावर. त्यामुळे तो रस्त्याने वर बघत चालतो. ठेच लागू नये म्हणून बाकीचं जग खाली बघतं. याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला बारा महिने चिंधी. नमस्कार केला तर उलट नमस्कार येतो, पण तो तुमच्या डोक्यावरच्या फांदीला उद्देशून. कुणाच्या घरी गेला तर आधी परसातल्या फणसाची विचारपूस, मग यजमानांची.

आमच्या सावंतवाडीच्या आळीत हे पद अण्णांकडे आहे. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला म्हणून वडीलधारे या नात्याने त्यांना नेलं. पोहे झाले, चहा झाला, मुलीला दोन शब्द विचारायची वेळ आली, तेव्हा अण्णा जागेवर नव्हते. मागीलदारी आंब्याखाली दुर्बीण लावून उभे होते. परतताना गाडीत सगळ्यांनी त्यांचं मत विचारलं.

"घराणं उत्तम," अण्णा म्हणाले. "आंब्याला कित्येक वर्षांत कुणी कोयता लावलेला नाही. एका झाडावर चार जाती आहेत."

लग्न जमलं आणि संसार नीट चाललाय, त्यामुळे अण्णांच्या या कसोटीबद्दल घरात आता उघड कुणी बोलत नाही.

अण्णांची उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली. कालव्याला पाणी सोडणं, सोडलेलं पाणी बंद करणं आणि बंद केलेलं पाणी कुणाच्या शेतात शिरलं याचे पंचनामे करणं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी नेमका असा छंद धरला, की ज्यात पाणी घालायचंच नसतं. खात्यावर सूड उगवला, असं त्यांचे जुने सहकारी म्हणतात. अण्णांचं म्हणणं वेगळं. "पाणी कधी सोडायचं हे मी चार दिवसांत शिकलो," ते सांगतात. "कधी सोडायचं नाही, हे शिकेपर्यंत पेन्शन लागली."

दिसायला अण्णा अगदी साधे. कमरेला पंचा, अंगात बंडी, आणि जानव्याला कपाटाच्या किल्लीच्या जागी भिंग. त्यामुळे किल्ली कायम हरवलेली असते आणि संध्येला बसले की आचमनाच्या पळीवर भिंग आपटून किणकिणतं. देवघरात पोथ्यांच्या चळतीत संतापाव आणि कापडिया यांच्या 1966 सालच्या 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' या पुस्तकाची बांधून घेतलेली झेरॉक्स असते. चातुर्मासात अण्णा नक्की काय वाचत असतात, हे काकूंनी विचारणं सोडून दिलं आहे. ओठ हलतात आणि अधूनमधून लॅटिन ऐकू येतं, एवढ्यावर त्या समाधान मानतात.

अण्णांच्या खळ्यात एक रायवळ आंबा आहे आणि त्या आंब्यावर अण्णांचा जीव आहे, म्हणजे सीतेची वेणी ही आमरी. जाड, पन्हळीसारखी खोलगट पानं, पानांची टोकं कुणी कुरतडल्यागत अर्धवट, आणि बुडाशी करंगळीएवढ्या जाडीच्या मुळांचा गुंता. वर्षातले अकरा महिने एवढंच दिसतं. नवा पाहुणा आला की अण्णा त्याला त्या झाडाखाली उभा करतात आणि एका ठरावीक प्रश्नाची वाट बघतात. पाहुणा तो विचारतोच.

"याला खत कुठलं घालता?"

"खत नाही," अण्णा एकेक बोट मिटत सांगतात. "माती नाही. पाणी नाही. म्हणजे मी देत नाही."

"मग जगते कशावर?"

"पावसावर, धुक्यावर, सालीवरून वाहून येणाऱ्या कचऱ्यावर. आणि माझ्या संयमावर."

यानंतर मूळ दाखवायचा कार्यक्रम होतो. खालच्या फांदीवरून एक मूळ हवेत लोंबत असतं. राखेसारखं पांढुरकं, कोरडं, नखाने टिचकी मारली तर वाजेल असं. अण्णा तांब्यात बोट बुडवतात आणि बोटावरचा एकच थेंब मुळावर सोडतात. पाहुण्याच्या हातात भिंग दिलेलं असतं; फक्त ते जानव्याला बांधलेलं असल्यामुळे पाहुण्याला अण्णांच्या छातीशी बिलगून उभं राहावं लागतं. थेंब ओघळत नाही. जिथे पडला तिथेच मुळात जिरतो आणि डोळ्यांदेखत तेवढा एक ठिपका पांढऱ्याचा हिरवा होतो.

"वरचा पांढरा थर म्हणजे मेलेल्या पेशी," अण्णा हलक्या आवाजात सांगतात. "रिकाम्या. आत हवा भरलेली, म्हणून पांढरं दिसतं. पाऊस आला की त्याच पेशी पाणी शोषून घेतात, पारदर्शक होतात आणि आतलं हिरवं मूळ दिसायला लागतं. तेही पानासारखं उन्हावर अन्न तयार करतं. या थराला व्हेलामेन म्हणतात. मेल्यावरसुद्धा कामावर हजर. आमच्या खात्यात जिवंतपणी हे कुणाला जमलं नाही."

जाड पानांच्या बऱ्याच आमऱ्या आणखी एक युक्ती करतात. पानांवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री गारव्याला उघडून कर्बवायू आत घेतात, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. अण्णांच्या तोंडी हे एका वाक्यात येतं: "दिवसभर तोंड बंद ठेवलं की कमी पाण्यात भागतं." हे ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणतात, आणि मग त्या दिवशीचा चहा उशिरा येतो.

काही न करणं ही सोपी गोष्ट आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी अण्णांना वैशाखात बघावं. उन्हाने पानं सुरकुतलेली असतात, मुळं हाडासारखी वाळलेली. अण्णांना झोप लागत नाही. मध्यरात्री उठतात, तांब्या भरून घेतात, बॅटरी घेऊन आंब्याखाली जातात. उभे राहतात. वर बघतात. आकाशातल्या ढगांचा अंदाज घेतात. आणि भरलेला तांब्या तसाच घेऊन परत येतात. कारण त्यांना ठाऊक असतं, की आमरी उन्हाने सहसा मरत नाही. ती मरते माणसांच्या मायेने. मुळं सतत ओली राहिली की कुजतात. शेजारणींनी काकूंना विचारलं, की अण्णा रात्री-बेरात्री तांब्या घेऊन कुठे जातात? काकूंनी खरं ते सांगितलं.

"पाणी न घालायला जातात."

अडचण एवढीच, की जे आंब्यावर लागू पडलं ते अण्णांनी घरालाही लावलं. स्वयंपाकघरातला नळ गळतो, फाटकाची बिजागरी निखळली आहे, माजघरावरची दोन कौलं सरकली आहेत. काकू सांगतात, अण्णा ऐकतात आणि डार्विनची गोष्ट काढतात. ही गोष्ट आळीतल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. मादागास्कर बेटावर एक पांढरी आमरी आहे. तिच्या फुलामागे जवळपास फूटभर लांबीची नळी असते आणि मध अगदी तळाशी. डार्विनने ती पाहिली आणि 1862 साली आमरींवरच्या पुस्तकात लिहून टाकलं, की एवढ्या लांब सोंडेचा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे. काही कीटकतज्ज्ञांनी टिंगल केली. 1882 मध्ये डार्विन गेला. आणि 1903 मध्ये तो लांब सोंडेचा पतंग शास्त्रज्ञांच्या हाती लागून जगासमोर आला.

"एकेचाळीस वर्षं!" अण्णा म्हणतात. "नळ आहे म्हणजे प्लंबर असलाच पाहिजे. येईल."

"डार्विन गेला तेव्हा पतंग आला नव्हता," काकू म्हणतात.

"पण आला ना?"

शेवटी काकूंनीच प्लंबर बोलावला. तो आला त्या दिवशी अण्णांनी त्याला स्वयंपाकघराच्या दारात अडवलं. गळत्या नळाखालच्या दगडावर शेवाळ धरलं होतं आणि शेवाळ म्हणजे पुढेमागे आमरीला बसायला जागा. प्लंबरने अर्धा तास चहा घेतला आणि नळाला हात न लावता निघून गेला. तोही आता अण्णांच्या पंथाला लागला आहे, असं काकूंचं म्हणणं.

बुरशीच्या बाबतीत तर अण्णांचं वागणं घराला परवडणारं नाही. पण बुरशीचं त्यांच्यावर ऋण आहे. आमरीच्या एका बोंडात धुळीएवढ्या बारीक बिया लाखांनी असतात, आणि एकीच्याही पोटात अन्नाचा साठा नसतो. नारळाच्या कोंबाला जशी खोबऱ्याची शिदोरी मिळते तशी हिला मिळत नाही. बी वाऱ्यावर उडतं, सालीच्या फटीत पडतं आणि तिथे योग्य जातीची बुरशी भेटली तरच तिच्याकडून अन्न घेऊन रुजतं. युरोपातले धनिक काचघरं बांधून बिया पेरत होते आणि कपाळावर हात मारत होते. 1899 साली नोएल बर्नार या फ्रेंच माणसाला बुरशीचा हा भागीदार सापडला, आणि 1922 मध्ये अमेरिकेतल्या लुईस नडसनने साखर घातलेल्या अगारवर, बुरशीशिवाय, बाटलीत रोपं उगवून दाखवली. आज दुकानात मिळणाऱ्या आमऱ्या त्या बाटलीच्या वंशातल्या.

हे सगळं अण्णांनी काकूंना सांगितलं ते कैरीच्या लोणच्याची बरणी उघडल्यावर. वर पांढरा थर आला होता आणि काकू मटकन खाली बसल्या होत्या. अण्णा धावत आले. काकूंना वाटलं, धीर द्यायला. अण्णांनी बरणीवर वाकून भिंग लावलं, बराच वेळ निरखून पाहिलं आणि खिन्न होऊन म्हणाले, "आपल्या कामाची नाही."

दर पावसाळ्याआधी झाडं साफ करायला एक गडी येतो, आणि दर पावसाळ्याआधी त्याचा आणि अण्णांचा तोच वाद व्हायचा. यंदा मी ओटीवरच बसलो होतो.

"अण्णानू, तुमच्या आंब्यार बांडगूळ खूप झालां. काढून टाकू काय?"

"बांडगूळ काढ. पण ती आमरी आहे, तिला हात लावायचा नाही."

"झाडार रवता, भाडा देना नाय. मगे बांडगूळच ना तां?"

अण्णांनी त्याला खाली बसवलं. बांडगूळ सालीत मुळं खुपसतं, झाडाचा रस पितं आणि फांदी वाळवतं. फुलटोच्या पक्षी त्याची चिकट फळं खातो, बी काही केल्या सुटत नाही म्हणून फांदीला पुसतो, आणि तिथे नवं बांडगूळ उगवतं. आमरीचं तसं नाही. तिची मुळं सालीला नुसती धरून असतात, आत शिरत नाहीत. "बांडगूळ झाडाच्या ताटात जेवतं," अण्णा म्हणाले. "आमरी नुसती ओटीवर बसते."

गडी विचारात पडला. "ओटयेर बसलेलो पावणो चाय तरी पिता. ह्यां तांय पिना नाय?"

"नाही."

"मगे येता कित्याक?"

"उजेडासाठी. दाट रानात जमिनीवर ऊन पोचत नाही. म्हणून ही वर जाऊन बसते."

गड्याचा चेहरा उजळला. "मगे बरोबर असा तेचां. आमच्या वाडयेत लाइट गेली की मी पण तुमच्याच ओटयेर येतंय."

तेव्हापासून तो आमरीला हात लावत नाही. इतकंच नव्हे, दुसऱ्यांच्या बागेत काम करताना "ती उजेडाक इली हा" असं सांगून मालकांना गप्प करतो. अण्णांना एवढ्या वर्षांत मिळालेला हा एकमेव शिष्य.

पावसाळ्यात अण्णांवर मोठा प्रसंग येतो तो आंबोलीच्या पर्यटकांचा. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; तिथल्या झाडांच्या खोडावर आणि ओल्या कातळावर शेवाळात चिमुकल्या आमऱ्या फुललेल्या असतात, काही तर नखाएवढ्या. धबधब्याखाली भिजून परतणारी मंडळी ओळख काढून अण्णांकडे थडकतात आणि जाताना म्हणतात, "एखादं छोटंसं रोप द्या ना, बाल्कनीत लावू." यावर अण्णांची मुलाखत सुरू होते. कितवा मजला? तोंड कुठल्या दिशेला? शेजारच्या एसीची गरम हवा कुठे येते? पहाटे धुकं पडतं का? धुकं म्हटल्यावर पुण्याची माणसं चाचरतात. मग अण्णा सांगतात, की जंगलातून उपटून नेलेली बहुतेक रोपं घरी जाऊन मरतात, कारण तुम्ही झाड नेता, हवा नेत नाही. शिवाय रानातल्या वनस्पती उपटणं हा कायद्याचाही प्रश्न आहे. देशोदेशींच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या 'साइटीस' करारात तर अख्खं आमरीकुळ नोंदलेलं आहे. एवढं ऐकूनही जो पाहुणा हटत नाही, त्याला अण्णा सुंभाने गुंडाळलेला एक नुसता ओंडका देतात. "हा बाल्कनीत टांगा. वाऱ्याने बी आलं तर रुजेल." किती दिवस लागतील, असं विचारलं की डार्विन.

स्वतः अण्णा रानातून काही आणत नाहीत. पण गावात वादळाने एखादं झाड पडलं, किंवा कुणी जुना आंबा पाडला, की वीज मंडळाच्या आधी अण्णांना फोन जातो. ते चिंध्यांची पिशवी घेऊन हजर. आडव्या पडलेल्या फांद्यांवरच्या आमऱ्या एकेक मूळ सांभाळत सोडवायच्या आणि दुसऱ्या जिवंत झाडाला बांधायच्या. बांधायला जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्याच हव्यात. वर्ष-दोन वर्षांत सूत कुजून गळून पडतं, तोवर मुळांनी साल धरलेली असते. दोरा कायम राहिला तर काचतो. हे शास्त्र झालं. पण एका जूनमध्ये घाईघाईत कपाट उघडलं गेलं आणि जुनं कुठलं, ठेवणीतलं कुठलं, हे बघायला भिंग पुरलं नाही. काकूंना आपल्या इरकलीचा काठ आठ दिवसांनी दिसला, शेजाऱ्यांच्या फणसावर.

"काढा तो आधी!"

"आता मुळं धरलीत गं," अण्णा काकुळतीला येऊन म्हणाले. "आणि रंगही शोभतोय."

तो काठ अजून तिथेच आहे. शेजाऱ्यांकडे हळदीकुंकवाला गेल्या की काकू फणसाखाली उभ्या राहून वर बघतात. पण त्या आमरी बघत नाहीत.

अण्णांचा मुलगा नोकरीनिमित्त गुवाहाटीला असतो. त्याने आई-वडिलांना एका एप्रिलात बोलावून घेतलं. अण्णा एरवी ओरोसच्या पुढे जायला नाखूश. पण सीतेची वेणी ही आसामचं राज्यपुष्प आहे, तिथे तिला कपौ फूल म्हणतात आणि बोहाग बिहूला मुली ती अंबाड्यात माळून नाचतात, हे कळल्यावर त्यांनी स्वतः तिकीट काढलं. मैदानावर ढोल वाजत होते, मुगा रेशमाच्या मेखला नेसलेल्या मुली नाचत होत्या, आणि प्रत्येकीच्या अंबाड्यात गुलाबी-पांढरा तुरा. अण्णांनी भिंग सोडवलं. आमच्याकडे हीच वेणी मेच्या शेवटी फुलते, मग इथे एप्रिलात कशी, रंग तोच की गडद, ठिपके किती, असे प्रश्न एकदम मनात आले आणि ते एका मुलीच्या मागे गेले. मग दुसरीच्या. मग तिसरीच्या. सूनबाई एका बाजूने आणि काकू दुसऱ्या बाजूने धावल्या. तिथल्या मंडळींनी मुलाकडे चौकशी केली, तेव्हा त्याने काय उत्तर दिलं हे तो अजून सांगत नाही. अण्णांच्या वहीत मात्र त्या दिवशीची नोंद आहे: 'सतरा तुरे तपासले. त्यांतले तीन प्लास्टिकचे.'

याच सुनेने परत येताना काकूंच्या हातात एक कुंडी ठेवली. जांभळी फॅलेनॉप्सिस, रोपवाटिकेतली. कुंडीत माती नाही, सालीचे तुकडे. प्रत्येक रोप दुसऱ्यासारखं. सत्कारातल्या गुच्छात दिसतात त्या संकरित मंडळींची ही सख्खी बहीण. अण्णांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "प्रयोगशाळेत जन्मली, काचघरात वाढली. हिला वादळ ठाऊक नाही, वैशाख ठाऊक नाही. हिचं काय कौतुक?" पण काकूंनी तिला खिडकीत ठेवली, दर रविवारी एक वाटी पाणी घातलं, आणि ती तीन महिने फुलून राहिली. अण्णांची वेणी वर्षभर वाट बघायला लावून दोन-तीन आठवड्यांत आटोपते. या विषयावर दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, असं न बोलता ठरलं होतं.

पुढे काकूंना माहेरी जावं लागलं. जाताना बजावून गेल्या, "रविवारी एक वाटी." अण्णांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. काकू परत आल्या तेव्हा रोप टवटवीत. "मी काही केलं नाही," अण्णा लगेच म्हणाले. ते खोटं होतं. काकूंना खिडकीच्या फळीवर शाळेची वही सापडली. तिच्यात आखलेल्या रकान्यांत नोंद होती: दिनांक, वेळ, हवामान, सोडलेलं पाणी मिलिलिटरमध्ये, झिरपलेलं पाणी मिलिलिटरमध्ये, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात 'आवर्तन समाधानकारक', आणि खाली सही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात अखेर आंब्यावर वेणी फुलते. फूटभर लांबीचा तुरा खाली लोंबतो. त्याच्यावर शंभराच्या वर इवली पांढरी फुलं दाटीने बसलेली, प्रत्येकावर गुलाबी-जांभळे ठिपके आणि पुढे आलेली जांभळी पाकळी. अण्णा आळीत घरोघर जाऊन आमंत्रण देतात. फूल तीस फुटांवर, त्यामुळे दुर्बिणीसाठी रांग लागते. पहिल्याला पानं दिसतात, दुसऱ्याला कावळा दिसतो, तिसऱ्याची दुर्बीण उलटी असते. सगळे "वा वा" म्हणतात आणि काकूंच्या हातचं कोकम सरबत पिऊन जातात. अण्णा मात्र खुर्ची टाकून माशीची वाट बघत बसतात. आमरीचे पराग सुटे नसतात; त्यांचे घट्ट गोळे असतात आणि फुलात डोकावणाऱ्या माशीला ते तसेच्या तसे चिकटतात. ती पुढच्या फुलावर गेली तर फळ, नाही गेली तर सगळी पुंजी वाया. शंभर फुलांत बोंडं धरतात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. या काळात अण्णांशी बोलायचं नसतं, शिंकायचंही नसतं.

ही वेणी कुणी माळायला मागितली तर अण्णा देत नाहीत. पलीकडच्या घरातली नवरी मुलगी स्वतः मागायला आली होती. अण्णांनी तिला आशीर्वाद दिला, अकरा रुपयांचं पाकीट दिलं आणि अबोलीचा गजरा कुठे चांगला मिळतो ते सांगितलं. काकूंनी तर लग्न झाल्यापासून मागितलीच नव्हती.

यंदा त्याच मुलीच्या लग्नाच्या दिवशी दुपारी वळीव आला. आंब्याची एक फांदी मोडली आणि तिच्यावरचा तुरा देठातून तुटून खळ्यात पडला. रोप वाचलं, ते अण्णांनी तासाभरात दुसऱ्या फांदीला बांधलं. तुरा हातात घेऊन ते माजघराच्या दारात उभे राहिले. काकू लग्नाला निघायच्या तयारीत होत्या. काही न बोलता त्यांनी पाठ केली. अण्णांनी तुरा अंबाड्यात खोचला, तोही व्हेलामेन नसलेल्या वस्तूला आधार कसा द्यावा, या विवंचनेत चार आकडे लावून.

मंगल कार्यालयाच्या दारात एक चिमुरडी गुलाबदाणी घेऊन उभी होती. तिने काकूंच्या दिशेने हात उचलताच अण्णा मध्ये पडले. "पाणी नको! पाणी नको!" गुलाबपाण्याचा सगळा शिडकावा त्यांच्या बंद गळ्याच्या कोटावर झाला. मग त्यांनी काकूंच्या बरोबर मागची खुर्ची धरली. मंगलाष्टकं झाली, अक्षता झाल्या, पंगतीची वेळ झाली. अण्णा अंबाड्याकडे टक लावून बसलेले. काकूंच्या मैत्रिणींमध्ये कुजबुज झाली. शेवटी एकीला राहवलं नाही.

"काय गं, या वयात अण्णा तुझी पाठ सोडत नाहीत! नशीबवान आहेस हो."

काकूंनी मान वळवली नाही. वळवायची मनाईच होती.

"नशीब कसलं? माशी येईल म्हणून बसलेत मागे," त्या समोर बघत म्हणाल्या. "जिलब्या वाढायला आल्या की माझ्याजवळ दोन जास्त ठेवायला सांग. येऊ दे बाई एखादी. नाहीतर हे एकेचाळीस वर्षं असेच बसतील."